जिजासाठी सरकवलेली खुर्ची

भामा गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा तिचे यजमान जगनदादा माझ्यावर बसले होते. ते उठले आणि ओटीच्या पायरीवर जाऊन बसले. त्या पायरीवर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. ती जिजाची जागा.

मित्रांनो, मी विचुंबे गावातल्या या घरातली जुनी वेताची खुर्ची. भामा लग्न होऊन आली, त्याच वर्षी मी आले. उन्हं कलली की ओटीवर वारा सुटतो आणि मी अर्धवट झोपेत कुरकुरते. माझ्यावर सगळे बसले. पाहुणे, पुढारी, जमिनी बघायला आलेले बिल्डर, गॅसवालासुद्धा.

जिजा डोंगराखालच्या कातकरी वाडीवरची. सकाळी अंगण झाडायची, मग भामाशी गप्पा मारत चहा प्यायची. भामा माझ्यावर, जिजा पायरीवर. एकदा तिची लहानगी मनिषा माझ्यावर चढून बसली. भामाने तिला हळूच उतरवलं, हातात बिस्कीट दिलं. मायलेकी निघाल्यावर माझ्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. ना शिवी, ना राग. मला वाटलं, माझे लाड चाललेत.

भामाची लेक अंकिता आयर्लंडला नर्स आहे. गेल्या वर्षी एका दुपारी तिचा फोन आला. भामाने स्पीकर लावला. जिजा पायरीवर सुपात सुका जवळा निवडत होती.

"आई, आज बसमध्ये माणसं उभी होती, पण माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी. रोजचंच झालंय."

"कोन काय बोललं का तुला?"

"बोलत नाहीत गं. हसतात, सॉरी म्हणतात, आणि उभे राहतात."

"मेल्यांनो! माझ्या पोरीच्या अंगाला काय काटे हायेत?"

जिजाने सुपातून मान वर केली. "पन वयनी, पोरीला बसायला तर भेटलं ना?"

तिने ते सहज विचारलं होतं. भामाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फोनवर अंकिता हॅलो, हॅलो करत राहिली.

त्यानंतर मला एक स्वप्न पडू लागलं. ती बसमधली सीट माझ्या शेजारी ओटीवर येऊन बसते. तिथे धुकं असतं, इथे ऊन. आम्ही दोघी रिकाम्या. ती म्हणते, "माझ्यावर कुणी बसत नाही." मी म्हणते, "माझ्यावर जिजाला बसू देत नाहीत."

मग भामाचं दुखणं आलं. दवाखान्यात जाताना ती माझ्या हाताला धरून उभी राहिली आणि जगनदादांना म्हणाली, "मी आले का जिजाला हिच्यावर बसवायचं. मीच सांगनार." ती परत आली नाही.

कार्य आटोपलं, पाहुणे पांगले. जिजा झाडलोट करून चहा घेऊन पायरीवर टेकली. जगनदादांनी मला तिच्यापुढे सरकवलं.

"जिजा, वर बस. तुझी वयनी सांगून गेलीय."

जिजाने माझ्या हातावरून हात फिरवला. थोडी हसली. डोळे भरलेले होते.

"नको दादा. मी उठल्यावर आता हिला धुनार कोन?"

म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं.

 जगनदादा आपला चहा घेऊन तिच्या शेजारी पायरीवर बसले. दोघांचा चहा निवला.

मित्रांनो, माझा वेत सुटला तर विणून घ्या. मला पावसात ठेवू नका. पण मला माणसांपासून जपू नका.

जगनदादा रोज मला पायरीजवळ सरकवतात. जिजा अजून माझ्यावर बसलेली नाही.