रोग उचलणारा फोल्डर

रविवारी सकाळी साडेनऊला वाघोलीतल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दोनशे माणसं एका फोल्डरसमोर हात जोडून बसली होती. चपला बाहेर काढलेल्या होत्या.

फोल्डर कॉम्प्युटरमधला. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर तो उघडून ठेवला होता. त्याचं नाव ‘श्रीचरण’. टीव्हीला झेंडूचा हार. एका बाजूला वाघाच्या छापाच्या ब्लँकेटवर महिपती महाराज. दुसऱ्या बाजूला त्यांचा सेवक पोपट, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि देवळात आरतीला लावतात ते घंटा-नगाऱ्याचं विजेचं यंत्र.

विधी सोपा होता. आपल्या आजाराचा रिपोर्ट पोपटच्या मोबाइलवर पाठवायचा. पोपट त्या फाइलला नाव देई: आधी रोग्याचं नाव, मग आडवी रेघ, मग रोगाचं नाव. मग ती श्रीचरणात सोडी आणि दोन्ही हात वर करी. दोनशे माणसं श्वास रोखून बघत. एक, दोन... आणि फाइल नाहीशी! कुणी हात न लावता घंटा घणघणे, नगारा धडाडे आणि प्रिंटरमधून प्रसादाची चिठ्ठी बाहेर येई: ‘बाळा अमुक, तुझा तमुक हा रोग मी उचलला. सात दिवस औषध बंद.’

रिपोर्ट गेला, म्हणजे रोग गेला. या तर्काला दोनशेपैकी एकानंही हरकत घेतली नव्हती. त्यात किमान वीस इंजिनियर होते. आमच्या सोसायटीत इतके असतातच.

“तुमचे कंपनीवाले डेटा ढगात ठेवतात,” महाराज डोळे मिटून म्हणाले. “मी ढगाच्या वर पाठवतो. तिथं सर्व्हर कधी डाऊन होत नाही.”

“वा!” इंजिनियर म्हणाले.

पहिल्या रांगेत माझ्या शेजारी इंदुबाई बसल्या होत्या. आमच्या इमारती ज्या शेतावर उभ्या आहेत ते शेत त्यांचं आणि त्यांचे यजमान रंगराव यांचं. बारा वर्षं त्या इन्शुलिन घेत होत्या. गुरुवारी महाराजांनी त्यांचा मधुमेह उचलला, तेव्हापासून सुई बंद. आज तिसरा दिवस. मी आल्यापासून त्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या संपवल्या होत्या आणि तिसरीचं झाकण त्यांना उघडत नव्हतं.

“आई, एकदा फक्त मोजू या ना,” त्यांची सून निशा कुजबुजली. ती हडपसरला एका आयटी कंपनीत आहे. पर्समध्ये साखर मोजायचं यंत्र घेऊनच आली होती. “एक थेंब रक्त. प्लीज.”

“मोजायचं न्हाई,” इंदुबाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती. “म्हाराज म्हनालेत, मोजलं की रोगाला हाक मारल्यावानी हुतं. परत येतो.”

“तहान किती लागतेय तुम्हाला!”

“रोग भाईर पडतोय,” रंगराव मागून म्हणाले. “तू गप बस. माझ्या डोळ्यांदेखत फाइल गेली. न्हाई का?”

“गेली. पण कुठं गेली, ते पाहिलंत का, बाबा?”

“वर!”

“आणि ती वर गेलीच नसेल, इथंच असेल, तर आई सुई घेतील?”

इंदुबाईंनी बाटली खाली ठेवली. “हितं असंल तर घीन,” त्या म्हणाल्या.

निशा उठली आणि पोपटला एक पेनड्राइव्ह देऊन आली. “दादा, एक पेशंट आहे. फाइलला नाव दिलेलं आहे.” पोपटनं न वाचता ती श्रीचरणात सोडली. फाइल गेली, घंटा वाजली, नगारा वाजला. पोपटनं चिठ्ठी उचलली आणि सवयीनं मोठ्यानं वाचली:

“बाळा कुकर, तुझा शिट्टी हा रोग मी उचलला. सात दिवस औषध बंद.”

मला वाटलं, आटोपलं. पण मी पुण्यात तीस वर्षं राहूनही श्रद्धेला कमी लेखण्याची चूक करतो.

“महाराज निर्जीवातही जीव बघतात,” एक गृहस्थ सद्गदित होऊन म्हणाले.

“आमचा कुकर खरंच शिट्टी देत न्हाई,” रंगराव पुटपुटले. “म्हाराजांना कसं कळलं?”

महाराजांनी संधी सोडली नाही. “यंत्रालाही व्यथा असते, बाळांनो! काल एका मिक्सरसाठी मी रडलो आहे.”

निशा हसली नाही. तिनं चक्क हात जोडले. “चुकले, महाराज. एकच विनंती. रोग श्रीचरणी जातो आणि प्रसादाच्या चिठ्ठीची फाइल मात्र दुसऱ्याच फोल्डरमध्ये पडते. हे बरं दिसतं का? प्रसाद चरणीच पडायला हवा ना?”

“योग्य बोललीस!” महाराज म्हणाले. “पोपट, प्रसाद श्रीचरणी टाक!”

पोपटचा चेहरा उतरला. “महाराज, तसं नको. ते... तसं नसतं करायचं.”

“चरणांपेक्षा मोठी जागा कोणती? सांग!”

दोनशे भक्तांसमोर याचं उत्तर देणं अवघड होतं. पोपटनं लॅपटॉपवर एक ओळ बदलली आणि हात असे मागे घेतले, जणू तापलेल्या तव्याला लागले.

“आता आमच्या आईंचा रिपोर्ट पुन्हा एकदा,” निशा म्हणाली. “आभार म्हणून.”

इंदुबाईंची फाइल श्रीचरणात पडली आणि गेली. घंटा, नगारा, चिठ्ठी: ‘बाळा इंदुबाई, तुझा मधुमेह हा रोग मी उचलला.’ लोकांनी हात जोडले. तेवढ्यात घंटा पुन्हा वाजली. फाइल कुणीच टाकली नव्हती. प्रिंटरनं दुसरी चिठ्ठी काढली, ती इंदुबाईंच्या मांडीवर येऊन पडली. त्यांनी चष्मा लावून वाचली.

“बाळा प्रसाद, तुझा इंदुबाई हा रोग मी उचलला.” त्यांनी मान वर केली. “मी रोग? वीस वर्सं सासू हाय, पन असं कुनी म्हनलं नव्हतं.”

तिसरी चिठ्ठी: ‘बाळा प्रसाद, तुझा प्रसाद हा रोग मी उचलला. सात दिवस औषध बंद.’ चौथीही तीच. पाचवीही तीच. घंटा थांबेना, नगारा ऊर बडवल्यासारखा धडाडू लागला, चिठ्ठ्यांचा ढीग महाराजांच्या गुडघ्यापर्यंत आला.

“शांत हो!” महाराजांनी यंत्रावर तीर्थ शिंपडलं. यंत्रानं आणखी एक प्रसाद उचलला.

“पोपट! थांबव हे!”

“मी सांगत होतो ना!” पोपट ओरडला आणि त्यानं घंटेचा आणि प्रिंटरचा प्लग उपटला. घंटा थांबली. लॅपटॉप बॅटरीवर होता, म्हणून टीव्हीवरचा श्रीचरण मात्र स्वतःचाच प्रसाद निमूटपणे उचलत राहिला.

मग निशा बोलली.

“आपल्या गेटवरचा वॉचमन दर मिनिटाला उठून रस्त्यावर बघत नाही. खुर्चीत बसून असतो. कुणी आलं की उठतो, नाव विचारतो, कुठं जायचं विचारतो आणि इंटरकॉमवर कळवतो. कॉम्प्युटरलाही असाच वॉचमन ठेवता येतो. त्याला सांगायचं, या फोल्डरवर लक्ष ठेव. नवी फाइल आली की तिचं नाव वाच, तिला दुसरीकडे हलव, घंटा वाजव, चिठ्ठी छाप. नाव वाचतो तो. रिपोर्ट उघडतही नाही. म्हणून तर त्यानं कुकर तपासला!”

“आणि हे आत्ता जे झालं ते?” एका इंजिनियरनं विचारलं. आवाजावरून त्याला उत्तर माहीत असावं.

“चिठ्ठी छापायची तर तिचीही फाइल होते. तिचं नाव ‘प्रसाद’, रेघ, रोग्याचं नाव. ती त्याच दारातून आत सोडली. वॉचमनला वाटलं, नवा पाहुणा आला. त्याची चिठ्ठी केली, की ती आणखी एक पाहुणा. आमच्या कंपनीत नवा आलेला प्रत्येक जण ही चूक एकदा करतो. दुसऱ्यांदा करत नाही.”

पोपट खाली बसला होता. “मार्केट यार्डात एका आडत्याकडे मी हेच बसवलं होतं,” तो म्हणाला. “शेतकऱ्याचं नाव, रेघ, कांदा. ‘आपला कांदा हा माल उचलला’ अशी पावती यायची. मी फक्त ‘माल’ काढून ‘रोग’ घातलं. ‘बाळा’ आणि औषधाचं महाराजांनी सांगितलं.”

“आणि उचललेले रोग?” निशानं विचारलं. “कुठं ठेवलेत?”

पोपटनं शेजारचा फोल्डर उघडला. टीव्हीवर यादी उलगडली. चारशे बारा रोग, नावानिशी, तारखेसकट. मूतखडे, थायरॉइड, एक मोतीबिंदू, कुकर आणि त्यांच्याखाली प्रसादच प्रसाद. लोक आपापली नावं शोधू लागले. इंदुबाई उठून टीव्हीजवळ गेल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “हितं हाय की माझी साखर.”

त्या परत येऊन बसल्या आणि बोट सुनेपुढे केलं. “मोज.”

यंत्रावर आकडा आला चारशे अडतीस. रंगरावांनी तो दोनदा वाचला, पायात एकच चप्पल घालून गाडी काढायला धावले. दवाखान्यात इंदुबाई तीन दिवस होत्या. डॉक्टर रंगरावांना म्हणाले, “सात दिवस पाळले असतेत, तर मला भेटायला एकटेच आला असतात.”

महाराजांविरुद्ध जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. पंचेचाळीस जणांनी सह्या केल्या, इंजिनियर त्यात शेवटी आले. काही भक्तांचं म्हणणं आहे की त्या दिवशी अखंड प्रसादाचा योग होता आणि निशानं प्लग काढायला लावून तो मोडला. प्लग पोपटनं काढला, हे त्यांना सांगून उपयोग नाही.

बाकीच्यांना एवढंच सांगणं आहे. आपोआप झालेलं दिसलं की हात जोडण्याआधी विचारा: हे करायला कुणी सांगून ठेवलंय? काही नाहीसं झालं की विचारा: ते गेलं कुठं? आणि औषध बंद करायला सांगणाऱ्याला विचारा: माझं रक्त तपासलंत, की नुसतं नाव वाचलंत? विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो महाराज.

परवा लिफ्टमध्ये आमच्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंनी इंदुबाईंना हळूच विचारलं, “पण काय हो, महाराजांनी तुमचा रोग खरंच उचलला होता ना?”

“उचलला व्हता की,” इंदुबाई म्हणाल्या. “अन् शेजारच्या फोल्डरात ठिवला व्हता.”