पॅलिएटिव्ह

पिंपळगाव राजात कोणाच्याही घरी इंग्रजी कागद आला, की तो आधी माझ्या ओट्यावर येतो. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं ना, मग भोगा आता! आणि माझी खोड अशी, की अर्थ सांगायच्या आधी मी शब्द कुठून आला ते सांगणार. लोक जांभया देतात, मी सोडत नाही.

परवा उकंडराव आला. शेजारी, लहानपणचा सोबती. त्याच्या बायकोला, मनकर्णावहिनींना, चार दिवसांपूर्वीच मोठ्या दवाखान्यातून घरी आणलं होतं.

"मास्तर, डॉक्टर म्हणे आता घरीच ठेवा. म्हंजे सुधारली ना थे? वाच बरं हे."

कागदावर लिहिलं होतं, पॅलिएटिव्ह केअर. मी कागदाची घडी घातली.

"काय हाय बे?"

"लॅटिन शब्द हाय," मी म्हणालो. "पॅलियम म्हंजे अंगावर घ्याचा झगा. त्याच्यावरून झाकणं. पुढं इंग्रजीत कोणाच्या चुका झाकाले बी हाच शब्द वापरत. मंग डॉक्टर लोकाईनं घेतला."

"अन् डॉक्टर काय झाकते?"

"दुखणं. वहिनीले दुखू द्याचं नाही."

हे खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. आजार आता बरा होणार नाही, हे उरलेलं अर्धं माझ्या तोंडून निघेना. भित्रा मेला मी!

"मंग चांगलंच हाय की बाप्पा!" उकंडराव खुलला. "पूनम उद्या पुण्याहून निघून राह्यली होती. तिले सांगतो, आता रजा नको काढू, दिवाळीतच ये."

दिवाळीला अडीच महिने होते. कागदावरून दिसत होतं, वहिनींकडे तेवढे नव्हते. "थांब बे," मी म्हणेपर्यंत त्यानं लेकीला फोन लावलासुद्धा.

"हाव, मास्तर इथंच हायेत. त्याईनंच वाचला कागद. तू आता नको येऊ, दिवाळीतच ये. घे, बोल." आणि फोन माझ्या हातात.

"सर, काय लिहिलंय?" पूनम माझीच विद्यार्थिनी. मी शब्द वाचून दाखवला. तिला अर्थ सांगायची गरजच नव्हती. फोनवर तिचा हुंदका ऐकू आला.

"आत्ताच निघते, सर. बाबाले सांगतलं का?"

"नाही."

"तुम्हीच सांगा. मले फोनवर नाही जमणार." फोन बंद झाला.

उकंडराव माझ्या तोंडाकडे पाहत होता. "काऊन बे, रडून राह्यली का पूनम? येऊ नको म्हटलं म्हणून?"

"बस," मी म्हणालो. "माझ्याजवळ बस."

तो बसला. आणि मला मराठीतला एकही शब्द सुचेना.