दोन अंशांवरचा भंडारी

त्याचं काम थंडी राखायचं. मालवाहू जहाजावर तो वीजतंत्री होता आणि त्याच्या ताब्यात एकशे चौऱ्याण्णव थंड कंटेनर होते. कुणात गोठवलेली मासळी, कुणात मांस, कुणात द्राक्षं, कुणात आइस्क्रीम. मासळीला उणे अठरा, द्राक्षांना शून्य, केळ्यांना तेरा. ज्याची त्याची थंडी वेगळी. सकाळी आठला आणि दुपारी दोनला तो निघायचा, प्रत्येक कंटेनरच्या यंत्रावरचा आकडा बघून कागदावर उतरवायचा. दोन-अडीच तास त्यात जायचे. दारांना सील असल्यामुळे आतला माल त्याने वीस वर्षांत क्वचितच डोळ्यांनी पाहिला असेल.

माणूस अबोल. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. आई गेल्यावर भावाने घर विकलं आणि दोघांचं बोलणं तुटलं. लग्न आज-उद्या करता करता राहूनच गेलं. भाड्याची एक खोली होती, तिला वर्षातले नऊ महिने कुलूप. जहाजावरची मंडळी चार देशांची, कामापुरतं मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी. त्याच्या भाषेतला एकच जण होता, जहाजाचा स्वयंपाकी. जहाजावर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात आणि तेच त्याचं नाव होऊन बसलं होतं. साठीला टेकलेला, पोट सुटलेला, तोंडाला खळ नसलेला माणूस. पहिल्याच दिवशी त्याने याचं बारसं करून टाकलं, थंडोबा.

दुपारची फेरी आटोपून थंडोबा चहाला गेला की भंडारी विचारायचा, "काय म्हणतात तुझे पेशंट?" थंडोबा दोन वाक्यांत सांगायचा की बाराव्या रांगेतली कोळंबी जरा कुरकुर करतेय, बाकी ठीक. उरलेला अर्धा तास भंडारी बोलायचा.

जहाज सुटल्यापासून नवव्या दिवशी नाश्त्याची हाक आली नाही. हाताखालचा स्वयंपाकी खोलीत बघायला गेला, तर भंडारी बिछान्यावर कलंडलेला, एक बूट पायात आणि एक हातात. कप्तानाने धावत येऊन छाती दाबून पाहिली. अर्ध्या तासाने कप्तान उठला आणि त्याने घड्याळात बघून वेळ लिहून घ्यायला सांगितली.

पुढचं बंदर अकरा दिवसांवर होतं. शिध्याची शीतखोली होती, पण भंडारीला तिथे ठेवायचं म्हटल्यावर हाताखालचा स्वयंपाकी म्हणाला, रोज तिथून मांस काढायला माझे पाय उचलणार नाहीत. त्यात त्याचं काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. मग कप्तानाने थंडोबाला बोलावलं. डेकवर खालच्या थरात काही रिकामे कंटेनर परत चालले होते. त्यांतला एखादा चालू करता येईल का, त्याने विचारलं. थंडोबा म्हणाला, येईल. किनाऱ्यावरच्या डॉक्टरने दोन अंश ठेवायला सांगितलं होतं.

त्याने कंटेनर स्वतः धुऊन पुसून घेतला, वीज जोडली. दुपारपर्यंत आकडा दोनवर आला. लोकांनी भंडारीला पांढऱ्या चादरींत गुंडाळून आणलं, फळीवर ठेवलं आणि जहाज हेलकावलं तरी सरकू नये म्हणून पट्ट्यांनी आवळलं. कप्तान चार शब्द बोलला. दार लागलं. लोक आपापल्या कामाला गेले.

त्या दिवशीच्या फेरीत एकशे पंचाण्णवावा आकडा वाढला. कागदावर 'माल' असा एक रकाना असतो. कप्तानाने सांगितलं होतं, रिकामा असं लिही, बाकीचं मी बघतो. थंडोबाला ते लिहवेना. पेन घेऊन तो बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी त्याने आपल्या लिपीत 'भंडारी' असं लिहिलं. ते वाचू शकणारं जहाजावर आता कोणी उरलं नव्हतं.

भंडारी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी कप्तानाने त्याच्या हातात फोन दिला. पलीकडे भंडारीची मुलगी होती. कसं झालं, त्रास झाला का, आदल्या दिवशी काय खाल्लं होतं, असं तिने एकेक विचारलं. गोळ्या घेत होते का, यावर तो हो म्हणाला. भंडारीच्या खणातली न फोडलेली पाकिटं त्याने सामान बांधतानाच बाजूला काढली होती.

मग ती म्हणाली, "काका, ते तिथं एकटेच आहेत का?"

"मी जातो ना. सकाळी एकदा, दुपारी एकदा."

"बाबा फोनवर सांगायचे, तुम्ही बोलतच नाही. बोलायचं सगळं काम त्यांच्याकडे."

"खरंय ते."

"मग आता थोडं तुम्ही बोलाल त्यांच्याशी?"

बरं, म्हणाला खरा, पण जमेना. दारापाशी उभा राहून तो घसा खाकरायचा आणि आकडा लिहून पुढे जायचा. एकदा एका खलाशाने पाहिलं, तर हा उगीच कडी तपासू लागला.

सातव्या दिवशी समुद्र खवळला. सकाळी बघतो तर भंडारीच्या यंत्राचा पंखा बंद आणि आकडा सहावर गेलेला. तेवढ्यात वरच्या अधिकाऱ्याने डेकवर थांबायला मनाई केली. लाटा जरा बसल्यावर थंडोबाने त्याच्याकडून एका तासाची परवानगी काढली, शेजारच्या रिकाम्या कंटेनरची मोटर खोलली आणि ती इथे बसवायला घेतली. वरून खारे शिंतोडे, बोटं बधिर, त्यात एक बोल्ट गंजून घट्ट बसलेला. आधी त्याने बोल्टला शिव्या घातल्या. मग हा का निघत नाही ते तो भंडारीला समजावून सांगू लागला. बोल्टवरून गोष्ट कुठच्या कुठे गेली. आईच्या दुखण्याची सांगितली, विकलेल्या घराची सांगितली. चार वर्षांपूर्वी भावाचा फोन आला होता, वाजून वाजून थांबला आणि आपण हातात धरून नुसतं बघत बसलो, हेही सांगितलं. कुणाला सांगायची त्याची ही पहिलीच वेळ. एका तासाचे तीन तास झाले. पंखा फिरू लागला तेव्हा त्याच्या घशाला कोरड पडली होती. आकडा पाच झाला, चार झाला. दोनवर येईपर्यंत तो तिथेच पाठ टेकून बसून राहिला.

त्यानंतर तो रोज दहा मिनिटं बोलायचा. विशेष काही नाही, आज कोण किती अंशांवर आहे, जेवण किती खारट झालंय, एवढंच.

बंदरात वीज त्यानेच काढली. क्रेनने कंटेनर उचलला, हवेत फिरवला, धक्क्यावर ठेवला. खाली एक गाडी आणि कागद घेतलेला एक कारकून उभा होता. उतरून जावं असं त्याच्या मनात होतं, पण चाळीस नवे कंटेनर चढत होते आणि सगळ्यांना जोडायचं होतं. त्यातून मोकळा होऊन कठड्याशी आला तेव्हा गाडी निघून गेली होती.

करार संपल्यावर तो भंडारीच्या घरी गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मुलगी कामावर होती. बायको शाळेचे गणवेश शिवायची. तिने मशीनवरचं कापड बाजूला केलं, चहा दिला आणि समोर बसली. मरणाचं विचारतील म्हणून त्याने उत्तरं जुळवून आणली होती. तिने ते काहीच विचारलं नाही.

"तिथं कसे होते ते?" ती म्हणाली.

थंडोबाला नीट कळलं नाही. म्हणाला, बोलके होते, सगळ्यांना हसवायचे. कणीक मळताना मोठमोठ्याने गायचे.

"गायचे?" तिने मांडीवरचा दोरा बोटाला गुंडाळला. "तीस वर्षांचा संसार. सगळे दिवस जोडले तर सहा-सात वर्षं घरात असतील. आले की त्या खिडकीशी गप्प बसून राहायचे. मला वाटायचं, माणूसच घुमा आहे."

थंडोबाने कप खाली ठेवला आणि तो सांगायला लागला. भंडारीकडून ऐकलेलं सगळं, जसं आठवेल तसं. तिने शिवलेल्या शर्टाची एक बाही लांब झाली होती, तो शर्ट कसा जपून ठेवला होता. लग्नानंतर पहिल्यांदा जहाजावर चढताना मागे वळून बघायचा धीर झाला नव्हता, ते. ती मध्ये एकदा हसली, एकदा उठून आत गेली आणि तोंड धुऊन परत आली. संध्याकाळ झाली तरी दिवा लावायचं कुणालाच सुचलं नाही.

निघताना तिने पुढचं विचारलं. आठवड्याने नवं जहाज आहे, तो म्हणाला.

"आठवलं आणखी काही, तर या."

तो हो म्हणून जिना उतरला. रस्त्यावर कामावरून परतणाऱ्यांची गर्दी होती. थांब्यावर भंडारीचं आणखी काय आठवतंय ते जुळवत त्याने दोन बस तशाच जाऊ दिल्या.