निळं सात, पिवळं सात

वासरांच्या गोठ्यात समोरासमोर दोन रांगा होत्या. पिवळ्या बिल्ल्याच्या दहा वासरांना दुधातून चांगल्या जिवाणूंची पावडर, निळ्या बिल्ल्याच्या दहांना नुसतं दूध. आठ आठवड्यांनी वजनं. पिवळी जड भरली तर संशोधक बाईंची नोकरी कायम, नाही भरली तर बाईंनी डिग्री घेऊन घरी बसायचं. आतड्यातल्या जिवाणूंवर एवढी जबाबदारी पूर्वी कुणी टाकली नसावी.

आज वजनाचा दिवस. काट्यापाशी विभागप्रमुख उभे होते. त्यांना माघारी सगळे ‘दशांश’ म्हणत.

“निळं सात, बाहत्तर पूर्णांक चार. पिवळं सात?”

पिवळं सात काट्यावर चढेना. गोठा सांभाळणाऱ्या मावशींनी त्याच्या तोंडात बोट दिलं, तसं ते चोखत चोखत वर आलं.

“बाहत्तर पूर्णांक एक.”

बाईंनी वहीतले आकडे पुन्हा ताडून पाहिले. चौदा वासरं झाली होती आणि दोन्ही रांगा जुळ्या भावंडांसारख्या निघत होत्या.

“पावडर म्हणजे मैदाच दिसतोय,” दशांश म्हणाले. “चहा घेऊन येतो. मग उरलेली उरकू आणि निकाल लिहून टाकू.”

बाई तडक दूध कालवायच्या खोलीत शिरल्या. डब्यावरची तारीख ठीक, झाकण घट्ट, थर्मामीटर जागेवर. मागोमाग मावशी आल्या आणि बाटल्या धुवायला लागल्या.

“मावशी, पावडर रोज घालत होतात ना?”

“एक दिवस चुकले नाही. मोजून, मोठ्या पिंपात.”

“पिंपात? पिवळ्यांची बादली वेगळी दिली होती मी!”

मावशींनी हातातली बाटली खाली ठेवली. “पहिल्या दिवशी वेगळीच होती. निळं तीन नुसतं टकामका बघत होतं हो. समोरासमोर बसवायचं, एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला नाही? असला पंक्तिप्रपंच मी सासरीसुद्धा केला नाही, आणि तिथे तर कारणं होती.”

“म्हणजे आठ आठवडे सगळ्यांना?”

“सगळ्यांना. एकाला तरी हगवण लागली का? गेल्या खेपेला चार गेली. मीच उचलली.”

बाई स्टुलावर बसल्या. बाहेर कपबशी वाजली.

मावशी जवळ आल्या. “सहा राहिलीत ना? कानातले बिल्ले बदलू का? जड तेवढी पिवळी करते. चिमटा आहे माझ्याकडे.”

बाईंनी हात पुढे केला. मावशींनी चिमटा दिला. बाईंनी तो बघितला, बराच वेळ बघितला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

काट्यापाशी दशांशांनी पेन उघडलं होतं.

“सर, निकाल लिहू नका. निळ्यांनाही पावडर मिळाली आहे.”

“कुणी दिली?”

बाईंनी मावशींकडे बघितलं नाही. “देखरेख माझी होती.”

“म्हणजे प्रयोग बाद.”

“हो.”

“मग तुमच्या नोकरीची शिफारस मी कशावर करू?”

“करू नका,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरा निघाला.

दशांशांनी पेन मिटलं. तेवढ्यात मावशी पुढे झाल्या. “साहेब, सोमवारी नवी वासरं येतायत. त्यांच्या दुधात पावडर घालायची का नाही?”

दशांशांनी वीसही वासरांवरून नजर फिरवली. मागे वळून कुणी ऐकत नाही ना, तेही पाहिलं.

“घाला,” ते म्हणाले. “लेखी मागू नका.”