वकीलबाईंनी कॉफी घेतली

व्यापारी तंटे लढवण्यात विसालबाईंचा हात धरणारे अम्मानच्या न्यायालयात फारसे कोणी नव्हते. मात्र दर गुरुवारी काळा झगा खुंटीला टांगून त्या सल्तला, आपल्या माहेरगावी येत. मूकबधिर मुलांची जी शाळा त्यांनी तिथे उभी केली होती, तिच्या अंगणात बसून गावच्या बायाबापड्यांचे खटले विनामूल्य समजून घेत.

ती शाळाच आता उठणार होती. जागा अबू राकान या वृद्ध गिरणीमालकाची. भाडेकरार संपला होता आणि नवा करायला त्यांनी साफ नकार दिला होता. त्याचे कारण गावाने परस्पर ठरवूनही टाकले होते: मागे एका धान्य कंपनीची बाजू घेऊन विसालने याच अबू राकानना भर न्यायालयात हरवले होते.

अखेर वडीलधाऱ्यांना घेऊन त्यांच्या दारी जायचे ठरले. पुढारपण काका अबू नायफ यांनी पुतणीच्याच गळ्यात घातले. "हरवलेस तू, मग मनवायचेही तूच. आम्ही मागे बसून दाढ्या कुरवाळू."

अशा भेटीची रीत सल्तच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. यजमान पुढाऱ्यासमोर कॉफी ठेवतो. मागणे मान्य होईपर्यंत तिला ओठ लावायचा नाही. प्यायली, की मागण्याचा हक्क संपला.

अबू राकान स्वतः कॉफी घेऊन आले. किती वाळले होते ते! पेला हिंदकळला, तसा विसालने तो चटकन हातात घेतला. मनात युक्तिवादाचे पहिले वाक्य जुळत होते. पक्षकारांसमोर रोज होते तेच झाले: विचाराच्या तंद्रीत तिने पेला रिकामा केला.

अबू नायफांनी डोळे मिटून घेतले.

"प्यालीस?" अबू राकाननी विचारले.

"प्याले, काका."

"म्हणजे मागणे काही नाही."

चूक झाली म्हणता आले असते. पण प्यालेली कॉफी नाकारणे म्हणजे ज्याच्या घरी बसलो, त्याचाच अपमान. शाळेतली मुले डोळ्यांपुढे उभी राहिली, तरी तिने पेला हलकेच खाली ठेवला. "नाही, काका. भेटायला आले."

अबू राकाननी रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"खटल्याचे मला काही नाही," ते म्हणाले. "वकील भांडणारच, नाहीतर त्याला पोसणार कोण? पण माझी बायको गेली, तेव्हा सारे गाव इथे येऊन बसले. तू तेवढी आली नाहीस."

"तुम्ही उंबऱ्यावरून परतवून लावाल, असे वाटले."

"तुला? लहानपणी तिच्या हातच्या भरल्या द्राक्षपानांवर डल्ला मारणारीला?"

विसालने तोंड फिरवून नव्हे, सर्वांदेखत डोळे पुसले. मग दोघे गेलेल्या बाईविषयी बोलत बसले. तिचा तापट स्वभाव, तिचे अंजिराचे झाड, जावयाला तिने ठेवलेली नावे. मंडळी ताटकळली. अबू नायफ मुद्दाम खोकले.

"घसा बसला असेल तर बाहेर जाऊन खोक, अबू नायफ," यजमान म्हणाले. मग त्यांनी दुसरा पेला भरला आणि तिच्यासमोर ठेवला. "याला हात लावू नकोस. आता बोल, कशासाठी आली होतीस?"

जुळवलेले एकही वाक्य तिला आठवेना.

"मुलांसाठी, काका."

"राहू देत मुले तिथेच. पी आता. निवली तर मला पुन्हा उठावे लागेल."