पाऊस माझ्या मागे येत नाही

मी एक जुना पोलादी नांगर आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मला पाऊस पाडता येत नाही!

हसू नका, मित्रांनो. अमेरिकेतल्या पश्चिम कॅन्ससमधली चांगली शहाणीसुरती माणसं हेच धरून बसली होती. माळ नांगरत पुढे जा, पाऊस आपोआप मागून येतो म्हणे! जमिनी विकणारे तसं सांगायचे, पाद्री सांगायचा, वर्तमानपत्रं छापायची. मला मात्र कुणी विचारलं नाही.

मी इलिनॉयच्या कारखान्यात घडलो. हायरम टटल नावाचा शेतकरी मला गाडीत घालून इथे आला. इथल्या मूळच्या शायेन लोकांना आणि त्यांच्या रानगव्यांना इथून हुसकावून फार दिवस झाले नव्हते. पाच वर्षं राहून जमीन कसली की सरकार ती नावावर करणार होतं. मी माळाची गवताळ साल लाद्यांसारखी कापून दिली आणि त्याच लाद्या रचून टटलांचं घर उभं राहिलं. त्या वर्षी योगायोगाने धो धो पाऊस झाला. झालं! चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मला रंगीत फिती बांधून गावभर मिरवलं. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

पुढची तीन वर्षं आभाळ कोरडं. हायरमचं आपलं एकच पालुपद, "अजून पुरेसं नांगरलं नाही!"

शेवटी ओढ्याकाठचा गवताचा एक तुकडा तेवढा उरला. त्यावर गाय जगत होती, आणि गाईच्या दुधावर त्यांची अशक्त लेक एफी.

"त्याला हात लावायचा नाही," हायरमची बायको लविना म्हणाली. "ढग काय नांगर बघून येतात होय रे?"

"तुला काय कळतंय? तेवढंच राहिलंय, म्हणून तर पाऊस अडलाय!"

लविना पिंपं घेऊन नदीवर पाण्याला गेली, आणि या पठ्ठ्याने घोडे जुंपले. मी दगडाला अडलो, मुळांत रुतलो. पण नांगराचं ऐकतो कोण? संध्याकाळी ती परतली तेव्हा गवताची काडी शिल्लक नव्हती. तिने वर आभाळाकडे बघितलं. "आला का पाऊस?"

मग रोज सकाळी दार उघडून ती तेवढंच विचारायची. आला तो वारा. त्याने मोकळी झालेली माती उचलून नेली. गाय आटली. एफीला उभं राहवेना. पाच वर्षं भरायला सात महिने उरले असताना टटलांनी गाडी भरली आणि आयोवाला, लविनाच्या आईकडे निघाले. तिथे दूध होतं.

हायरमने मला उचललं. लविना म्हणाली, "तो नांगर गाडीत चढला तर मी उतरते."

त्याने मला ओढ्याकाठी टाकलं. एफी पोचली का, मला आजवर कळलेलं नाही.

आता कुठे माझ्या फाळाभोवती पुन्हा गवत धरलंय. आणि परवा एक नवं जोडपं आलं. नवरा माझा गंज खरवडून बायकोला म्हणतो, "अगं, नशीब बघ! आयता नांगर. आता पाऊस आलाच समज!"

अरे देवा! मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मला हात असते तर जोडून म्हणालो असतो, मला नका जपू. मला खुशाल गंजू द्या. तेवढं ते गवत जपा.