भरल्या पोटी

"भरल्या पोटीच पाज हां. उपाशी नको."

बोईसरच्या दवाखान्यातल्या बाईचा तो आवाज चिमीच्या कानातून कधी गेलाच नाही. ताकदीचं नवं औषध म्हणून त्या बाईने पाड्यावरच्या सिकलच्या, त्या रक्ताच्या आजाराच्या, मुलांना बाटल्या वाटल्या, त्याही ऐन आषाढात. घरात तेव्हा नाचणीची पातळ पेज, तीही एकवेळची. चिमीने लेकीला तीच पाजली, वरून औषध. झुंबर गेली. आणखी चार घरांतली लेकरं गेली. दवाखान्यातून निरोप आला, उपाशीपोटी पाजलंत तुम्ही. पाची जणींनी मान खाली घातली ती कायमची. एकमेकींच्या दारात बसणंही सुटलं. बसलं तर तेच बोलणं निघणार.

आता इतक्या वर्षांनी तोच आजार घेऊन चिमीचा नातू जिवल्या पालघरच्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या कळांनी कण्हत होता. डॉक्टर प्रियंकाने बाटली उघडली. वास ओळखीचा निघाला, तशी चिमीने पोराचं तोंड पदराने झाकलं.

"नको बाय. आमच्या घरात अजून पेजच हाय."

प्रियंकाला आधी उमगेना. उमगलं तशी ती खाटेच्या कडेवर बसली आणि त्या औषधाच्या जुन्या कागदांत वाचलेलं अडखळत सांगू लागली. पोटाचा काही संबंध नव्हता. किती द्यायचं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ते बघायलाच न सांगता तुमच्या मुलांना पाजलं. ती गेली, म्हणून आज किती थेंब द्यायचे ते कळतं.

"मंग माजी पेज?"

"पेजेने काही केलं नाही, आजी."

इतकी वर्षं चिमी चुलीपुढे बसून स्वतःच्याच हाताला शिव्या घालत आली होती. तो हात तिने मांडीवर उलटा करून पाहिला. मग विचारलं, त्या पोरांची नावं तरी आहेत का तुमच्यापाशी? नव्हती. नुसते आकडे होते.

"नवं भातसुदा आमी मेलेल्यांना दाखवल्याबिगर तोंडात घालत नाय," चिमी म्हणाली. "ह्ये तर त्यांच्या जिवावर पिकलेलं."

तिने औषधाची वाटी कपाळाला लावली आणि एकेक नाव घेतलं. झुंबरचं नाव ओठांवर यायला फार वेळ लागला. मग चिमीने जिवल्याचं डोकं उचलून औषध पाजलं.

"आमी दिलं नवतं, बाय. आमचं घेतलं." वाटी परत देताना तिने डॉक्टरचं मनगट धरलं. "बाकीच्या चौघी अजून सोताला खातात. तू येऊन सांगशील?"

प्रियंकाने सकाळी येते म्हणून शब्द दिला.

उजाडता उजाडता जिवल्याला झोप लागली. प्रियंका पांढरा कोट खुंटीला लावून आली होती. आधी कुणाकडे जाऊ, एवढंच तिने विचारलं.

"नर्मदेकडं जा. ती आषाढात पेज शिजवतच नाय."

प्रियंकाने मान हलवली, आणि आवाज न करता दार ओढून पाड्याकडे जाणारी जीप गाठायला निघाली.